पाणी तुझ्या बाजूला

रविवारी सकाळी मी तुझ्या दारात गाडी उभी केली आणि नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला. भान्या, तू गेलायस हे मला माहीत होतं. नसायला काय झालं, खांदा द्यायला मीच पुढे होतो. चालताना डावीकडच्या खड्ड्यात पाय गेला, तुला एक हिसका बसला आणि मागून कुणीतरी म्हणालं, शेठ, जरा बघून. म्हणजे माहिती पक्की होती. तरी रविवार उजाडला, गाडी पुसली, टायरला लाथ मारून हवा तपासली (पद्धत तुझी, दुखला अंगठा माझा) आणि तुझ्या गल्लीत येऊन हात हॉर्नवर गेला. दोन छोटे हॉर्न म्हणजे आवर. तिसरा लांब म्हणजे मी निघालो, तू बस बोंबलत. तिसऱ्याच्या आत शुद्धीवर आलो, एवढंच काय ते शहाणपण.

दार उघडून मंदावहिनी बाहेर आल्या. गाडी मागे घेऊन पळ काढावा तर तुझ्या गल्लीत रिव्हर्स मी तुझ्याशिवाय कधी घेतलेला नाही. म्हणून बसून राहिलो. त्यांनी काचेतून आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे. मी म्हणालो, जरा इकडून चाललो होतो. पुढे बंद असलेल्या गल्लीतून माणूस कुठे चाललेला असतो, ते त्यांनी विचारलं नाही. "थांबा, आलेच," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला वाटलं, चहा आणतायत.

आठवतंय ना, आपण हिंडायला कसे लागलो ते? राहुरीच्या स्टँडमागे तुझं मोटारी भरायचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मधे एक भिंत. लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून तू त्यात नवी तार भरायचास, आणि मी त्याच लोकांच्या एका सातबाऱ्याचे चार करायचो. रविवारी दोन्ही शटर खाली. मी गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा आपण मुळा धरणावर गेलो, भिंतीखाली बसून भजी खाल्ली आणि परत आलो. मग धीर चेपला. कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचलो आणि भंडारदऱ्याचं पाणी समोर आलं. तू तिसगावकडचा. हंडा घेऊन टँकरमागे पळत वाढलेला. पाण्याकडे बघत तू इतका वेळ गप्प उभा राहिलास की मला वाटलं, तुला गाडी लागली. मग म्हणालास, "शेठ, एवढं पानी हाय आन कुनी भरंना."

त्यानंतर आपल्याला दुसरं ठिकाण सुचलं नाही. लोक महाबळेश्वर म्हणत, कोकण म्हणत. आपण सकाळी निघायचं, धरणाला गाडीनं पूर्ण वेढा घालायचा, मधे कोलटेंभ्याला ओढ्याकाठी भाकरी सोडायची, रतनवाडीच्या महादेवाला हात जोडायचे, घाटघरच्या कड्यावर वारा खायचा आणि दिवेलागणीला घरी. माझ्या बायकोला वळणांनी गाडी लागते, ती पहिल्याच खेपेला बाद झाली. मंदावहिनींना आपण कधी विचारलंच नाही. तू म्हणायचास, तिला महादेव गावातला पन चालतो.

आणि माझे पराक्रम. रंधा धबधब्यापाशी मी आपली समजून दुसऱ्याच पांढऱ्या गाडीत जाऊन बसलो. तिथल्या डॅशबोर्डवरचा पेरू खाल्ला आणि तू का येत नाहीस म्हणून हॉर्न वाजवत राहिलो. तू मालकाशेजारी उभा राहून तंबाखू मळत होतास. मालक धावत यायला निघाला तर त्याला म्हणालास, थांबा, पेरू संपू द्या, मग त्येला कळंल. रतनवाडीला वळवता वळवता मी गाडी भाताच्या बांधावर घातली, तेव्हा आवणी करणाऱ्या बायांना तू सांगितलंस की शेठ रोपं मोजायला आलेत. तुला गाडी शिकवायची हौससुद्धा मीच केली. मुळा धरणाच्या माळावर तू सरळ बाभळीत शिरलास आणि काटे काढत म्हणालास की ज्या ड्रायव्हरनं तरुणपणी आपल्याला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही, तो देवमाणूस होता.

कारण तू मुळात क्लीनर. कांद्याच्या ट्रकवर उमेदीची वर्षं काढलेली. डाव्या दाराला लटकून ड्रायव्हरला डावीकडचं सगळं ओरडून सांगायचं, हे तुझ्या रक्तात. माझ्या गाडीतही तू तेच सुरू केलंस. डावी मोकळी. डावीला सायकल. डावीला म्हस हाय, तिचा विचार पक्का न्हाई. येऊ द्या, येऊ द्या, बास. मी वैतागायचो. अरे बाबा, ही कार आहे, ट्रक नाही, मला आरसे आहेत. तू म्हणायचास, सवय हाय शेठ, जात न्हाई.

ती सवय नव्हती, हे मला कधी कळलं, ते आता तुला सांगून उपयोग नाही. तरी सांगतो.

कोलटेंभ्याला तू थर्मासमधून चहा ओतलास आणि कप माझ्या डाव्या हाताशी ठेवलास. मी बोलता बोलता तो उडवला. तू दुसरा ओतलास, तोही उडवला. मी थर्मासला, दगडाला, ओढ्याला शिव्या घातल्या. तिसरा कप माझ्या उजवीकडे आणून ठेवलास आणि तू स्वतः उठून माझ्या डाव्या अंगाला येऊन बसलास. त्या दिवसापासून सगळं माझ्या उजवीकडे: कप, भाकरी, चष्म्याचं घर. पुढे डोळ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूचं गेलंय ते परत यायचं नाही, म्हणाला. मी मनात म्हणालो, हे तर भान्यानं चहावरच सांगितलं होतं. डॉक्टर पुढे हेही म्हणाला की आता गाडी चालवू नका. ते मी घरी सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. फक्त तुझं ओरडणं वाढलं. आधी तू म्हशी आणि सायकली सांगायचास, आता मैलाचे दगडसुद्धा सांगायला लागलास.

असा आपण दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतो. तुला गाडी येत नव्हती आणि मला डावी बाजू. हे पोलिसाला कळलं असतं तर लायसन कुणाचं काढून घ्यायचं, यावर तोही अडला असता.

यावरूनच आपलं ते भांडण, जे तसंच राहिलं. शेंडीत फाटा लागतो. रतनवाडीकडून वेढा सुरू केला की धरण उजव्या हाताला राहतं, माझ्या बाजूला. मुरशेतकडून सुरू केला की डाव्या हाताला, तुझ्या बाजूला. मी दर वेळी रतनवाडीकडे वळवायचो. तू दर वेळी कुरकुरायचास की पाणी शेठच्या खिडकीत, गरिबाच्या खिडकीत डोंगर. मी म्हणायचो, गाडी ज्याची पाणी त्याचं. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. मुरशेतकडून गेलो तर डावीकडे कठडा नसलेली कड आणि खाली पाणी, आणि ती कड मला दिसत नव्हती. रतनवाडीकडून चुकलो तर डोंगराला घासू, एवढंच. पण हे कोण बोलणार? तू पाण्याचं भांडण भांडत राहिलास आणि मी गाडीच्या मालकीचं. शेवटच्या खेपेला मात्र तू भांडला नाहीस. शेंडीत हळूच म्हणालास, "शेठ, एकदा मुरशेतकडनं घ्या की. पानी माझ्या बाजूला येऊ द्या. मी सांगतो ना कड, बोटबोट सांगतो."

मी म्हणालो, पुढच्या खेपेला.

तू मेल्यावर माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागली, हा एक वैतागच झालाय. दहाव्याला नदीवर तुझा चुलतभाऊ सगळ्यांना सांगत होता की शेठमुळं भान्यानं दुनिया बघितली, कोन कुनाला एवढं हिंडवतं? मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. फुकट मिळालं की मी घेतो, तुला माहीतच आहे.

आणि तिथं कावळा शिवेना. पिंड ठेवून सगळे लांब उभे. समोर झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरायला तयार नाही. तुझा संतोष पुढे झाला, म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे बसलेलेच. चुलतभाऊ म्हणाला, दुकान बंद पडू देणार नाही. त्यातल्या एकानं पंख खाजवले. गुरुजी घड्याळ बघायला लागले. कुणीतरी मला ढकललं, शेठ, तुमी बोला, तुमचं ऐकल. ऐकल! जिवंतपणी ऐकलं नाही ते. मी पुढे गेलो. काय बोलायचं सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "भान्या, मुरशेतकडनं जाऊ. पाणी तुझ्या बाजूला."

कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

सगळ्यांनी हुश्श केलं. मी कावळ्याचं मनावर घेत नाही. त्याला भूक लागली असेल, नाहीतर तो माझ्यासारखाच गडबडला असेल. पण मंदावहिनींनी मनावर घेतलं. त्या रविवारी त्या चहा घेऊन आल्या नाहीत. चपला घालून, भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या, मागचं दार उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "चला. सुनेला सांगितलंय, रतनवाडीच्या महादेवाला चालले म्हनून."

मी पुढे बसा म्हणालो. त्या म्हणाल्या, ती जागा त्यांची हाय. आणि गाठोडं त्यांनी पुढच्या सीटवर ठेवलं. गल्लीच्या तोंडाशी आलो तर गाडी टुणटुणायला लागली. सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही, असं तिचं म्हणणं. तू कधी पट्टा लावला नाहीस, आयुष्यभर ती टुणटुण ऐकत बसलास. मी उतरलो, वळसा घालून आलो आणि तुझ्या भाकरीला पट्टा लावला. समोरचा दूधवाला बघत होता. बघू दे म्हटलं.

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. वहिनी, मला डावीकडचं दिसत नाही, एवढंच बोलायचं होतं. पण मग इतकी वर्षं कसं दिसत होतं, हे सांगावं लागलं असतं. आणि दुसरं खरं म्हणजे मलाच जायचं होतं. तुला दिलेला तेवढा एकच शब्द माझ्याजवळ उरला होता. मला वाटलं, रस्ता पाठ आहे, सावकाश नेऊ. माझ्या आजवरच्या सगळ्या गोंधळांची सुरुवात याच वाक्यानं झालेली आहे.

संगमनेरपर्यंत मी रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. मागचे हॉर्न मारून, शिव्या देऊन पुढे जात होते. वहिनींना वाटलं, मी दुःखात आहे. राजूरला त्यांनी पेढ्याच्या दुकानाकडे बोट केलं. इथूनच आणायचे का ते, म्हणाल्या. मी हो म्हणालो. थांबू का विचारलं, तर नको म्हणाल्या. त्यांनी हे रस्ते आधी कधी बघितले नव्हते. तुझ्या पिशवीतनं बाहेर आलेले पेढे बघितले होते, बस्स. शेंडीत फाटा आला आणि माझा हात आपसूक रतनवाडीकडे वळला. मागून आवाज आला, "भाऊजी, मुरशेत."

वळवली.

भान्या, धरण काठोकाठ भरलं होतं, असं म्हणतात. मला दिसलं नाही. लोकांना वाटतं, डोळा गेला की त्या बाजूला काळं दिसत असेल. काळं नाही दिसत. आपल्या पाठीमागचं जसं दिसत नाही, तसंच ते दिसत नाही, मुळातून नसतंच. पाणी बघायचं तर सगळी मान वळवायला हवी, आणि मान वळवली की रस्ता जातो. म्हणून मी समोर बघत राहिलो आणि उजवीकडचं जे आपोआप दिसतं ते बघत राहिलो. डोंगराची कापलेली दरड, कारवी, पिवळी सोनकी, रस्त्याखालच्या मोरीचे दगड, शेणाचा पो. मग लक्षात आलं, हीच ती तुझी खिडकी. इतकी वर्षं तू हेच बघत होतास. माझ्या उजवीकडे पाणी चमकत असायचं, मी आहाहा करायचो, बघ बघ म्हणायचो, आणि तू तिकडं न बघताच म्हणायचास, लई भारी, डावीला मोरी हाय.

सीटवरची भाकरी काही बोलत नव्हती. डावी मोकळी का, मी एकदा विचारलंसुद्धा, तोंडातल्या तोंडात. पुढच्या वळणावर समोरून पिकअप आला, मी डावीकडे घेतलं, आणि डावीकडे रस्ता नव्हता.

फार काही झालं नाही. पुढचं चाक कडेच्या चिखलात उतरलं, गाडी तुझ्या अंगाला कलली आणि एका दगडाला टेकून थांबली. तुझं गाठोडं पट्ट्याला लटकून राहिलं. दार उघडलं असतं तर तू थेट पाण्याकडे उतरला असतास. एवढ्या जवळून तू ते कधीच बघितलं नसशील. मी वहिनींना माझ्या बाजूनं बाहेर काढलं. भाताच्या खाचरातली माणसं धावत आली, त्यांनी ढकलून गाडी वर घेतली. त्यांच्यातला म्हातारा त्या सपाट, मोकळ्या रस्त्याकडे बघत विचारत होता की भर उन्हात हे कसं काय केलंस बाबा. मी म्हणालो, सवय आहे. कुणी हसलं नाही. तू हसला असतास.

वहिनी दगडावर बसल्या होत्या, पाण्याकडे तोंड करून. मी जवळ गेलो. त्यांनी विचारलं, "दिसलं न्हाई का तुमाला?"

मी सांगितलं. काचबिंदू, डॉक्टर, चहाचे कप, सगळं. तुझं ओरडणंही सांगितलं. गमतीदार करून सांगायला गेलो, म्हशीचा विचार पक्का नाही वगैरे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की दर रविवारी तू घरी आलास की तुझी मान धरलेली असायची. डावीकडे अवघडलेली, उजवीकडे वळायची नाही. त्या तेल कोमट करून चोळायच्या आणि तुला बोलायच्या, एवढं काय ते पानी बघायचं मान मोडेपर्यंत.

"तवा हसायचे नुसते," त्या म्हणाल्या. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे त्यांनी पानी बघितलंच न्हाई?"

भाकरीला थांबायचो तेव्हा बघायचा, मी म्हणालो. तेव्हा पोटभर बघायचा. भाकरी तिथंच सोडली. ढकलायला आलेल्या माणसांना दिली, त्यांनी खाल्ली.

रतनवाडी झाली नाही. महादेव झाला नाही. तुझा वेढा मुरशेतपाशीच राहिला, अर्धासुद्धा नाही. संतोषला फोन केला, तो दुपारनंतर मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून आला आणि गाडी त्यानं चालवली. मला डाव्या सीटवर बसवलं, तुझ्या जागेवर. परतीला तुझ्या खिडकीतून काय दिसलं असेल, सांग बरं? काही नाही. माझी आंधळी बाजू खिडकीकडे. संतोष चांगली चालवतो, एकदाही कुणाला काही विचारत नाही. घरी आल्यावर चावी त्यानं आपल्याजवळ ठेवली आणि मी मागितली नाही. माझी बायको म्हणते, गाडी विकून टाकू. विकू दे.

मला तुझा रागही येतो, भान्या. तू एकदा तरी म्हणायचंस, शेठ, चावी ठेवा आता. मी ऐकलं नसतं, पण तू म्हणायचंस. आपण एसटीनं गेलो असतो. एसटीत तुला खिडकी मिळाली असती, पाण्याच्या बाजूची. मला त्यातलं काही दिसलं नसतं तर तू सांगितलं असतंस. हे इतकं सोपं होतं, आणि दोघांच्या डोक्यात आलं नाही. का तुझ्या आलं होतं? आता कुणाला विचारू? दोन दुकानांमधल्या भिंतीला कान लावला तरी पलीकडे मोटार फिरत नाही. रविवार येतात. धरण आहे तिथंच आहे, म्हणे. मला ते गेल्यातच जमा आहे, तुझ्याबरोबर.

त्या दिवशी गाडीतून उतरताना वहिनींनी गाठोड्याचं रिकामं फडकं घडी केलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, वहिनी, शब्द पाळता आला नाही, पण त्याला मी जमेल तसं हिंडवलं.

त्या फडकं काखेत मारून दारापर्यंत गेल्या, तिथून वळून म्हणाल्या, "हिंडवत ते हुते, भाऊजी. तुमी नुस्तं स्टेअरिंग धरून बसत हुता."